लादोगाचा पहारेकरी

पहिल्याच तालमीत लादोगाने पडायला नकार दिला.

तालीम अर्थात जमिनीवरची होती. मॉस्कोजवळच्या कोरोल्योवमधल्या आमच्या केंद्राच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे लादोगाच्या मेंदूची हुबेहूब नक्कल ठेवलेली आहे. वर अंतराळ स्थानकात आहेत तसेच तीन संगणक, तशीच जोडणी, तोच प्रोग्रॅम. वर काहीही पाठवायचं तर आधी ते या खोलीत पाठवून बघायचं, असा आमचा रिवाज. त्या दिवशीच्या आज्ञा मी तयार केल्या होत्या आणि त्या साध्या होत्या. स्थानकाला फिरवायचं, इंजिनांचा जोर प्रवासाच्या उलट दिशेने लावायचा, वेग जरासा कमी करायचा. वेग कमी झाला की कक्षेची खालची बाजू आणखी खाली येते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं गणित.

पडद्यावर इंजिनं पेटली. थोडा वेळ सगळं हिशेबाप्रमाणे चाललं. मग ती विझली. लादोगाने सावकाश अर्धी गिरकी घेतली, इंजिनं पुन्हा पेटवली आणि ती वर चढायला लागली.

शेजारच्या टेबलावर रेनात होता. स्थानकाची हालचाल त्याच्या ताब्यात असते. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "झ्लाता, म्हातारीला खाली यायला सांग म्हटलं होतं. तू तिला माडीवर पाठवलंस."

मी आज्ञा तपासल्या. चिन्हं बरोबर होती. पुन्हा पाठवल्या. ती पुन्हा वळली, पुन्हा चढली. तिसऱ्या खेपेला रेनातही हसला नाही.

आमचे प्रमुख ग्लेब पेत्रोविच मागे उभे राहून बघत होते. पन्नाशीचा, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'पहारेकरी: कामावर.' ती ओळ आम्ही रोज बघायचो, म्हणजे खरं तर कोणीच बघायचो नाही. जिन्यातला दिवा चालू आहे हे जसं कोणी बघत नाही, तसं.

"फाइना मार्कोव्ना," ते म्हणाले, आणि टोपी घेऊन बाहेर गेले.

लादोगा चोवीस वर्षं वर होती. तिच्यातला निम्मा पत्रा आमच्या गावात कापलेला आणि इथल्याच कोणाच्या तरी आईने किंवा काकाने जोडलेला. पाळी बदलताना जाणारा प्रमुख येणाऱ्या प्रमुखाला उभा राहून तीन गोष्टी सांगतो: उंची ठीक, हवा ठीक, माणसं ठीक. एवढं ऐकल्याशिवाय येणारा खुर्चीत बसत नाही. चोवीस वर्षांत हे वाक्य बदललं नव्हतं. त्या वसंतात उरलेले दोन अंतराळवीर घरी आले, मागे दार लावून आले, आणि तेव्हापासून ग्लेब पेत्रोविच तिसऱ्या जागी म्हणायला लागले, 'माणसं नाहीत.' ते म्हणताना ते दर वेळी थोडे अडखळायचे.

लादोगाचं काय करायचं यावर वरच्या मंडळींत बरीच भांडणं झाली होती. कोणी म्हणे आणखी वर ढकलून ठेवा, पुढची पिढी बघेल. कोणी म्हणे तुकडे करून एकेक खाली आणा, पण तेवढा पत्रा घेऊन उतरेल असं यानच आता कोणाकडे नव्हतं. शेवटी ठरलं की तिला दक्षिण पॅसिफिकमध्ये, बेटं नाहीत अशा भागात उतरवायचं. आणि तेही लवकर. एका खोलीला बारीक चीर गेली होती, हवा झिरपत होती. सूर्य त्या वर्षी चिडलेला, त्यामुळे वरचं वातावरण फुगून लादोगाला मागे ओढत होतं. काहीच केलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती आपली आपण पडणार, आणि कुठे ते कोणी सांगू शकणार नव्हतं. तिच्या मार्गाखाली जगातली बहुतेक माणसं राहतात.

आणि तिच्या आत एक पहारेकरी बसला होता. कक्षेची खालची बाजू ठरावीक उंचीच्या खाली जाईल अशी कुठलीही आज्ञा आली, की तो इंजिनं बंद करायचा, स्थानकाला फिरवायचा आणि वर घेऊन जायचा. त्याला बंद करायची चावी नव्हती. आम्ही जुनी कागदपत्रं शोधली, त्यांत एकच वाक्य सापडलं: हा भाग बंद करण्याची सोय ठेवलेली नाही.

मी आधी शहाणपणा करून बघितला. त्याला फसवायचं ठरवलं. लादोगाला तिची उंची खरीपेक्षा जास्त सांगितली, म्हणजे आपण अजून खूप वर आहोत असं समजून ती निमूट खाली येईल. तळमजल्याच्या खोलीत ती आलीही. पण पृथ्वी आपल्या खाली नेमकी कुठे आहे हे लादोगा त्याच उंचीवरून ताडते. उंची खोटी दिल्यावर ती हळूहळू कलली, जोर तिरका लागला, आणि माझ्या नकाशावरचा पडण्याचा पट्टा न्यूझीलंडकडे सरकला. मी तो कागद ग्लेब पेत्रोविचांना दाखवला. त्यांनी बघितला, परत दिला आणि म्हणाले, शनिवारी मोकळी राहा, बागेत जायचंय.

लादोगाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या फाइना मार्कोव्ना वयाने पंचाहत्तरीच्या आसपास. निवृत्तीनंतर उन्हाळाभर त्या गावाबाहेरच्या आपल्या बागेतल्या लाकडी घरात राहतात. रेनातने वाटेत शेवंतीचा गुच्छ घेतला. दारातच त्यांनी तो हातात घेतला, फुलं मोजली, एक काढून रेनातच्या खिशात खोचलं. "सहा फुलं थडग्यावर नेतात, बाळ; जिवंत माणसाला विषम द्यायची. मी अजून मुळे उपटतेय." मग आमच्यापुढे पाहुण्यांच्या सपाता टाकल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक डबा दिला. काळ्या करंटची झुडपं बारीक आंबट फळांनी लगडली होती. बोलायचं असेल तर तोडता तोडता बोला, म्हणाल्या.

ग्लेब पेत्रोविचांनी कामाचं सांगितलं. त्या तोडत राहिल्या.

"चोवीस वर्षं जिला पडू दिलं नाही, तिला पाडायला माझ्याचकडे आलास. लाज नाही वाटत, ग्लेब?"

"वाटते. म्हणून तर फुलं आणली."

"तीही सहा."

त्या पहारेकऱ्याची गोष्ट मला तिथे कळली. लादोगाचं पहिलंच वर्ष, वर तीन माणसं. कक्षा थोडी वर उचलायची होती आणि आज्ञा तयार करणाऱ्या पोराने एक चिन्ह उलटं लिहिलं. वजाऐवजी अधिक. वरची तिघं जेवायला बसली होती. चढायच्या ऐवजी लादोगा खाली निघाली, आणि ते लक्षात येईपर्यंत बरीच खाली आली होती. सावरलं. पण पुढच्या आठवड्यात फाइना मार्कोव्नांनी पहारेकरी लिहिला आणि चावी ठेवली नाही, कारण चावी ठेवली की ती कधीतरी चुकीच्या हाताला लागतेच. हे सांगताना त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. ग्लेब पेत्रोविच आपल्या झुडपात इतके वाकले होते की त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मानेचा मागचा भाग मात्र लालबुंद झाला होता.

"मग त्या पोराचं काय झालं?" रेनातने साळसूदपणे विचारलं.

"प्रमुख झालं," त्या म्हणाल्या. "तोड, तोड. खाली पाड नकोस."

जेवताना त्यांनी माझी परीक्षा घेतली. कोबीचं सूप वाढलं आणि विचारलं की तिला वर का नेत नाही. मी सांगितलं, ती शंभर वर्षं टिकेल अशा उंचीवर न्यायला जेवढं इंधन लागेल, तेवढं आपल्याकडच्या सगळ्या मालवाहू यानांतही मावणार नाही. त्यांनी विचारलं, वातावरणाची घनता कुठली धरलीस, शांत सूर्याची की आताची? आताची. मग शांत सूर्याची धरून सांग. मी तोंडी हिशेब केला. तरीही पुरत नव्हतं. आणि पुरलं असतं तरी वर जुन्या यानांच्या तुकड्यांची गर्दी आहे. एखादा तुकडा बसला तर एका लादोगाच्या हजार होतील आणि पुढच्या पिढीला वर जायची वाटच राहणार नाही.

त्यांनी चमचा खाली ठेवला. हे सगळं त्यांनी आधीच मोजलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांना फक्त दुसऱ्या कोणी ते मोजलेलं ऐकायचं होतं.

"बरं. मग एवढंच सांग, मुली. चोवीस वर्षांत तिच्यामुळे कोणाला खरचटलंही नाही. वर नाही, खाली नाही. जाताना तसंच राहील?"

"तीन धक्के द्यायचेत. पहिले दोन कक्षा खाली आणतील, तिसरा तिला वातावरणात नेईल. तिन्ही पूर्ण झाले तर राहील."

"आणि तिसरा मध्येच थांबला तर?"

"मग ती उथळ शिरेल. तुकडे लांब जातील. चिलीच्या किनाऱ्यावर, कदाचित पलीकडेही."

"त्यावर तुमच्याकडे काय आहे?"

काही नव्हतं. तिसरा धक्का मुख्यतः लादोगाला जोडलेलं मालवाहू यान देणार होतं आणि त्याचं इंजिन चांगलं होतं. पण तो धक्का संपता संपता लादोगा देशाच्या पूर्व टोकावरच्या उस्सुरीस्कच्या अँटेनाच्या पलीकडे जाणार होती. पुढे फक्त समुद्र. तिथे तिला आज्ञा द्यायला कोणी नाही. मी हे सरळ सांगितलं.

त्या उठल्या, चहा ठेवला, खिडकीशी उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. त्या येतील. पण पहारेकऱ्याला काढणार नाहीत.

"त्याला नवं काम देऊ. इतकी वर्षं तो म्हणत होता, पडायचं नाही. आता म्हणेल, अर्धवट पडायचं नाही."

म्हणजे असं: तिसरा धक्का सुरू झाला की पहारेकरी कक्षेवर नजर ठेवणार. यानाचं इंजिन वेळेआधी थांबलं आणि लादोगा पुरेशी खोल गेली नसली, तर तो तिची स्वतःची इंजिनं पेटवणार आणि उरलेला धक्का पुरा करणार. कोणाला न विचारता.

ग्लेब पेत्रोविचांना ते पसंत नव्हतं. चोवीस वर्षांच्या यंत्रात अखेरच्या महिन्यात नवा प्रोग्रॅम घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो चांगला नियम आहे. नुसतं काढून टाकणं साधं. साध्या गोष्टी मोडत नाहीत. दोघं बराच वेळ भांडले. फाइना मार्कोव्ना त्यांना ग्लेब म्हणत, अरेतुरे करत. ते मात्र शेवटपर्यंत फाइना मार्कोव्ना आणि तुम्ही. मला ते भांडण ऐकताना एक गंमत वाटली. दोघंही लादोगाबद्दल असं बोलत होते की जणू ती दुसऱ्या खोलीत झोपली आहे आणि ऐकू जायला नको.

निघताना ग्लेब पेत्रोविच म्हणाले, तालमीत शंभर वेळा चुकवून बघेन. एकदा जरी पहारेकरी नको तेव्हा जागा झाला, तर मी त्याला काढणार.

"दोनशे वेळा बघ," त्या म्हणाल्या, आणि करंटचे डबे आमच्याकडून परत घेतले. त्यांतला एक भरलेला मला दिला.

त्या सोमवारपासून त्या केंद्रात यायला लागल्या. सोबत स्वतःची उशी आणि स्वतःच्या सपाता. उपाहारगृहातल्या बायकांनी त्यांना ओळखलं आणि रांग मोडून कटलेट वाढले. त्यांचं टेबल माझ्या शेजारी लावलं होतं. त्या हळू टाइप करायच्या, पण जे टाइप करायच्या ते खोडायच्या नाहीत. माझं उलट होतं, आणि दर वेळी मी खोडलं की त्या माझ्याकडे न बघता "हं" म्हणायच्या.

आमचं खरं भांडण इंधनावरून झालं. लादोगाच्या स्वतःच्या टाक्यांत थोडं इंधन शिल्लक होतं. माझ्या आराखड्यात पहिल्या दोन धक्क्यांत ते सगळं संपत होतं. ते सर्वांत किफायतशीर होतं, आणि मी तसं आकड्यांनी दाखवू शकत होते. त्या म्हणाल्या, नाही, तिच्या गाठीला थोडं राहू दे. मी म्हटलं, मग दुसरा धक्का लहान होईल, मधे फेऱ्या वाढतील, तेवढा वेळ वातावरण तिला ढकलत राहील, माझा पट्टा रुंद होईल.

"किती रुंद?"

मी सांगितलं.

"त्यात जमीन येते?"

"नाही. पण सुबक राहत नाही."

"मुली, सुबकपणा तुझ्यासाठी आहे. गाठीचं तिच्यासाठी."

मी दोन दिवस आराखडा नव्याने मांडत बसले. त्या बरोबर होत्या असं म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की त्यांची मागणी माझ्या मर्यादेत बसते. ग्लेब पेत्रोविचांनी तालमीत खरोखरच दोनशेच्या वर वेळा इंजिन मधेच बंद पाडलं. कधी लवकर, कधी उशिरा, कधी दोनदा. पहारेकरी हवा तेव्हा उठला, नको तेव्हा झोपून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइना मार्कोव्नांच्या टेबलावर चहाचा नवा पेला ठेवला, धातूच्या धारकासकट. आमच्याकडे तो फक्त प्रमुखांना मिळतो.

नवा प्रोग्रॅम वर चढवणं हा वेगळा प्रश्न होता. लादोगातले तीन संगणक सतत एकमेकांशी ताडून बघतात. एकात बदल केला की बाकीचे दोघे त्याला चुकलेला ठरवतात आणि आपली जुनी प्रत त्याच्यावर चढवतात. हेही फाइना मार्कोव्नांचंच काम, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. मार्ग एकच होता. दोघांना झोपवायचं, जाग्या असलेल्या एकात बदल करायचा, मग इतरांना उठवायचं. उठलेला संगणक जो जागा असेल त्याची प्रत घेतो. पण तेवढा वेळ सगळी लादोगा एकट्याच्या भरवशावर, आणि झोपवलेल्या दोघांपैकी एकाला गेली कित्येक वर्षं कोणी झोपवलंच नव्हतं. तो उठेल याची खात्री कोणालाच नव्हती.

बदल चढवला, दुसरा लगेच उठला; तोच तिसरा उठला नाही. रेनातने पुन्हा आज्ञा दिली. लादोगा आमच्या आकाशातून निघून चालली होती. फाइना मार्कोव्ना पडद्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्याला वेळ दे. मलाही सकाळी लागतो." पुढच्या फेरीत लादोगा क्षितिजावर आली तेव्हा तिन्ही संगणक जागे होते आणि तिघांचं एकमत होतं. कोपऱ्यातली ओळ तीच होती. 'पहारेकरी: कामावर.'

उतरवायच्या दिवशी सकाळी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. निवृत्त झालेले लोक कोट घालून, छातीवर जुनी पदकं लावून आले होते. ज्यांनी लादोगाची दारं जोडली, तिच्या खिडक्यांच्या काचा घासल्या, तिच्या पंख्यांचा आवाज कमी केला, ते सगळे बाल्कनीत दाटीने उभे. उपाहारगृहाच्या बायकांनी खिडकी बंद करून पाटी लावली होती. ग्लेब पेत्रोविचांच्या टेबलावर शेवंती होती. मी सवयीने मोजली. सात. शेजारून रेनात कुजबुजला, "आजींनी मोजून आणली. विचारलं तर म्हणाल्या, ती कामावर चाललीय, थडग्यात नाही."

लांबच्या प्रवासाला निघताना आमच्याकडे घरातले सगळे क्षणभर गप्प बसतात आणि मगच उंबरा ओलांडतात. ग्लेब पेत्रोविच म्हणाले, बसू या. अडचण अशी की आम्ही सगळे आधीच बसलेले होतो. आमचं कामच बसून करायचं. म्हणून सगळी पाळी आधी उभी राहिली आणि मग बसली. बाल्कनीतल्यांना खुर्च्या नव्हत्या, ते पायऱ्यांवर टेकले. एका म्हाताऱ्याचे गुडघे वाजलेले खालपर्यंत ऐकू आले. मग कामाला लागलो.

पहिला धक्का हिशेबाप्रमाणे झाला. दुसराही. फेऱ्या वाढल्या होत्या त्यांत लोकांनी चहा प्यायला, सँडविच वाटली, आणि कोणीतरी पहिल्या दिवशीच्या गोष्टी सांगायला लागलं. फाइना मार्कोव्ना आपल्या उशीवर बसून होत्या. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

तिसरा धक्का सुरू झाला तेव्हा लादोगा पश्चिमेला खूप लांब होती, मग आमच्या अँटेनांच्या टप्प्यात आली. इंजिनाचा दाब ठीक. दिशा ठीक. ती इतकी सरळ चालली होती की बाल्कनीत बसलेल्या एका म्हातारीने मोठ्याने म्हटलं, "आमचीच वेल्डिंग." कोणी तिला गप्प केलं नाही. माझ्या पडद्यावर पडण्याचा पट्टा चिलीपासून हळूहळू मागे, मोकळ्या समुद्राकडे सरकत येत होता. अजून थोडा राहिला होता.

तेवढ्यात रेनात म्हणाला, "दाब पडतोय."

यानाच्या इंजिनाचा दाब खाली आला आणि शून्यावर गेला. इंजिन थांबलं होतं. माझ्या पडद्यावरचा पट्टा जिथे होता तिथेच थांबला. त्याचं पुढचं टोक चिलीच्या किनाऱ्यावर होतं. ग्लेब पेत्रोविचांनी यानाला पुन्हा पेटवायची आज्ञा पाठवली, पण लादोगा उस्सुरीस्कच्या क्षितिजाला टेकली होती. ओळी तुटत होत्या, अक्षरं गळत होती. उत्तर आलं नाही. अगदी अखेरीला एक ओळ धड आली. लादोगाच्या स्वतःच्या इंजिनांच्या झडपा: उघडल्या. मग पडद्यावर सगळं स्तब्ध झालं.

"उठला," फाइना मार्कोव्ना म्हणाल्या.

एवढं नक्की होतं की तो उठला. पुरेल का, ते नक्की नव्हतं. झडपा जुन्या होत्या. टाकीत किती आहे ते मला माहीत होतं आणि किती लागेल तेही, कारण ते दोन्ही आकडे घेऊनच आम्ही भांडलो होतो. मी वजाबाकी केली. पुन्हा केली. थोडं उरत होतं. मी ते मोठ्याने सांगितलं. फाइना मार्कोव्नांनी मान हलवली, पण त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते आणि बोटं पांढरी पडली होती. त्यांच्या आयुष्याचं काम समुद्रावर कुठेतरी एकटं होतं, आणि आता त्याला कोणीच काही सांगू शकत नव्हतं.

त्या पट्ट्याच्या कडेला, सुरक्षित अंतरावर, आमचं एक जहाज उभं होतं. तिथे संध्याकाळ होती. ग्लेब पेत्रोविचांनी त्याची वाहिनी मोठ्या आवाजात लावली. खरखर, समुद्राचा आवाज, कप्तानाचं खोकणं. सगळं सभागृह त्या खोकल्याकडे कान लावून होतं.

मग कप्तान म्हणाला, "दिसतेय."

थोडं थांबून म्हणाला, "वायव्येकडून. एक मोठा, मागे बरेच लहान. सोनेरी. तुम्ही सांगितलं होतं तिथूनच." त्याने दिशा आणि कोन वाचून दाखवले. मी ते नकाशावर मांडले. पट्टा मोकळ्या पाण्यात होता, दोन्ही टोकांसकट. माझ्या सुबक आराखड्यात तो जिथे आला असता, त्याच्या थोडा पूर्वेला.

"सगळी पाण्यात," मी म्हटलं. "जमिनीपर्यंत काही नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. बाल्कनीतले लोक आपापले उठले आणि उभे राहिले, पदकांची बारीक किणकिण झाली. रेनातने चेहरा दोन्ही हातांनी पुसला. फाइना मार्कोव्नांनी हात सोडवले, बोटं चोळली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पूर्वेला किती सरकली?"

मी सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. पण या वेळी माझ्याकडे बघून.

तेवढ्यात दार उघडलं. दुसरी पाळी आली होती. त्यांना यायचं काही कारण नव्हतं, पाळीच रद्द झाली होती; पण ते त्यांच्या वेळेला, हातात डबे घेऊन आले होते आणि टेबलांपाशी उभे राहिले. त्यांचे प्रमुख ग्लेब पेत्रोविचांसमोर आले. खुर्चीत बसले नाहीत. वाट बघत राहिले.

ग्लेब पेत्रोविच उभे राहिले. त्यांनी एकदा फाइना मार्कोव्नांकडे बघितलं. मग नेहमीच्या आवाजात पाळी सोपवली.

"उंची नाही. हवा नाही." ते थांबले, पण अडखळले नाहीत. "माणसं ठीक. सगळी."

येणाऱ्या प्रमुखांनी ऐकलं, मान डोलावली आणि खुर्चीत बसले.